दोन बदकांची एक उशी

अवरेकाई आली. एचएसआर लेआउटमधल्या आमच्या इमारतीच्या फाटकाशी भाजीची गाडी लागते, तिच्यावर काल वालासारख्या हिरव्या शेंगांचा पहिला ढीग दिसला. मी दोन शेंगा उचलून नाकाशी नेल्या, तर गाडीवाला हसला. "सोगडु इदे, अज्जी," म्हणाला. थंडीच्या दवानं या शेंगांच्या सालीवर जो तेलकट, जरासा उग्र वास चढतो, तो सोगडु. मराठीत त्याला काय म्हणतात मला ठाऊक नाही. आमच्या घराण्याला बंगळूरात येऊन तीनशे वर्षं झाली असं वडील सांगायचे, आणि एवढ्या काळात कुणाला मराठी शब्दाची गरज पडलेली दिसत नाही. मी दोन किलो घेतल्या.

नात ईशा लॅपटॉप मिटून माझ्यासमोर दाणे सोलायला बसली. रात्री भिजवलेला दाणा चिमटीत धरून दाबायचा, की आतली डाळ टुणकन बाहेर येते आणि साल बोटांत राहते. तिचे निम्मे दाणे सोफ्याखाली गेले. "आजी, हे सोललेले पॅकेटमध्ये मिळतात," ती म्हणाली. मिळतात, मलाही माहीत आहे. पण सोलल्यावर दोन दिवस बोटांना जो वास राहतो तो काही पॅकेटमध्ये येत नाही, आणि मला अवरेकाईपेक्षा त्या वासाचंच अप्रूप.

या दिवसांत माझं आणखी एक काम असतं. कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या मलमलीत गुंडाळलेला एक लाल साटिनचा अभ्रा आहे. तो काढायचा, बाल्कनीत सावलीला हवेवर ठेवायचा, आणि थंडी आहे तोवर महिनाभर उशीवर चढवायचा. अभ्रा चांगला चार फूट लांब आहे. त्यावर रेशमानं भरलेली दोन बदकं आहेत, समोरासमोर. नराच्या अंगावर काय नाही? डोक्यावर हिरवा-जांभळा तुरा, डोळ्यामागून मानेपर्यंत पांढरा पट्टा, गालांवर नारिंगी मिशा, आणि पाठीवर शिडासारखी उभी राहिलेली दोन नारिंगी पिसं. मादी मात्र करडी, डोळ्याभोवती पांढरी रेघ, बस्स. दोघांच्या बरोबर मधून वरपासून खालपर्यंत एक शिवण गेलेली आहे आणि तिच्यावर निळ्या लाटा भरलेल्या आहेत. लाटा जरा वेड्यावाकड्या आहेत, कारण त्या मी भरल्या.

ईशानं त्याचा फोटो काढला आणि मोबाईलला विचारलं. "मॅन्डरिन डक!" ती म्हणाली. "चीनच्या दरबारातल्या बड्या अधिकाऱ्यांसारखा थाट, म्हणून हे नाव पडलं म्हणे." असेल. मला या पाखराचं नाव वेगळंच सांगितलं गेलं होतं, आणि ते नीट कळायला माझ्या लग्नाआधीचा एक अख्खा हिवाळा खर्ची पडला.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. आम्ही इथल्याच, बंगळूरच्या शिवाजीनगरच्या एका आडगल्लीत राहत होतो, खाली दुकान आणि वर दोन खोल्या. आम्ही शिंपी. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते कापडाचे कटर होते, आणि छावणीतल्या गोऱ्या साहेबांचे सूट त्यांनी कापले होते. साहेब गेले, पण सुटाची सवय लागलेले आपले लोक मागे राहिले, त्यामुळे दुकान चालत होतं. गळ्यात टेप, कानावर निळा खडू, आणि हातात ती जड काळी कात्री. माणूस दारातून आत येईपर्यंत अण्णांच्या डोळ्यांनी त्याचं माप घेतलेलं असे. थंडीच्या सकाळी दुकानात पाऊल टाकलं की कोळशाच्या इस्त्रीखाली ओल्या लोकरीचा वास यायचा, आणि भिंतीपलीकडून चामड्याचा आणि सरसाचा.

भिंतीपलीकडे एका चिनी जोडप्याचं बुटांचं दुकान होतं. नवरा दिवसभर मान खाली घालून बूट ठोकायचा. त्याला सगळी गल्ली शू मास्टर म्हणायची, आणि त्याचं खरं नाव विचारण्याइतका तो कधी थांबलाच नाही. बायकोचं नाव मेई. आमच्याकडे येऊन चौथ्या दिवशी ती मेईअक्का झाली. ती कलकत्त्यात जन्मलेली. तिथली हिंदी, शिवाजीनगरातली दखनी, भाजीवालीकडून उचललेली कानडी, या सगळ्याचं ती स्वतःचं असं काहीतरी बोलायची, आणि मला ते आमच्या बेळगावच्या पाहुण्यांच्या शुद्ध मराठीपेक्षा लवकर कळायचं.

दुपारी गल्लीत तिच्या दारापुढे तेवढा उन्हाचा पट्टा यायचा. त्यात ती बुटकं स्टूल टाकून, लाकडी चौकटीवर कापड ताणून भरतकाम करत बसायची. मी अण्णांकडची काज-बटणं घेऊन तिच्या उंबऱ्यावर जाऊन बसे. चार वर्षं बसत होते. आई वरून ओरडायची, "सुमे, आपल्या घराला उंबरा नाही होय?" आपल्या घराला उंबरा होता, पण त्यावर ऊन नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मेईअक्काच्या शेजारी बसलं की मला कुणी लग्नाचं विचारत नसे.

मग लग्न ठरलंच. मुलगा बेळगावकडचा, नोकरी बंगळूरातच एका सरकारी कचेरीत. ठरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मेईअक्काच्या चौकटीवर लाल साटीन चढलं. आधी नर आला. आठ दिवसांत तो तुऱ्यासकट तयार झाला, आणि गल्लीतली पोरं तो बघायला येऊन उभी राहू लागली. मादीला मात्र तीन आठवडे लागले. मी विचारलं, अक्का, हिला रंगच नाहीत, मग एवढा वेळ का? तिनं सुईला लावायच्या दोऱ्यांची पेटी माझ्यासमोर धरली. करड्या रंगाच्याच अकरा लड्या होत्या. "मरद का रंग सब देखता," ती म्हणाली. "औरत का रंग ढूँढना पडता. स्वल्प टैम लगता." मी एकोणीस वर्षांची होते. मला ते कळलं नाही, पण लड्या मात्र अजून दिसतात.

लग्नाला वीस दिवस असताना तिनं ते कापड कागदात गुंडाळून आणून दिलं. दोन्ही तळवे गालाखाली धरून, डोळे मिटून दाखवलं: उशी. मग हात फाकून दाखवलं: एवढी. आईनं तिच्या हातावर साखर ठेवली, ती लाजली, आणि दारातूनच परत गेली.

घडी उलगडली तेव्हा हे पाखरू कोणतं ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. हलसूरच्या तळ्यावर हिवाळ्यात बदकं उतरायची, पण ती आपली साधी, भुरी. असं वरातीतून उठून आल्यासारखं बदक कुणी पाहिलेलं नव्हतं. अण्णांनी चष्मा वर केला, खाली केला आणि निकाल दिला. "हा चक्रवाक. भगवा रंग बघ की. जोडीनं आहे. दुसरं काय असणार?" अण्णा दर एकादशीला कीर्तनाला जायचे आणि तिथलं ज्ञान दुकानात आणून गिऱ्हाइकांना वाटायचे. चक्रवाक आणि चक्रवाकी दिवसभर एकत्र हिंडतात, पण त्यांना कुणाचासा शाप आहे. सूर्य मावळला की एक नदीच्या या तीरावर, दुसरं त्या तीरावर. रात्रभर नुसत्या हाका, आणि उजाडलं की भेट.

आईची अडचण निराळी होती. तिनं कापडाची लांबी बघून पदर तोंडाला लावला. "एका उशीवर दोघं? आणि ही रुखवतात मांडायची? बेळगावची माणसं काय म्हणतील!" त्या काळी रुखवतात उशा दोन असायच्या, आणि त्याही एकमेकींपासून जरा लांब ठेवायच्या. अण्णा म्हणाले, "मग दोन कर की. चक्रवाकाची जोडी रात्री वेगळीच असते, शास्त्राला धरूनच होईल." आईची लाज आणि अण्णांचं शास्त्र यांचं एकमत आमच्या घरात फारसं होत नसे. त्या दिवशी झालं.

आमच्या घरात एक रीत होती. लग्नघरात शिवायचा पहिला कपडा चांगला दिवस बघून कापायचा, तो लाल असायचा, आणि पहिला काप नवरीच्या हातचा. कात्रीला हळदकुंकू लावायचं, तिच्यापुढे नारळ फोडायचा. इतरांच्या घरी कात्री म्हणजे अपशकुन, आमच्या घरी ती लक्ष्मी. कापल्याशिवाय कापडाचं काही होतच नाही, हे शिंप्याच्या पोरीला पाळण्यात कळतं. तर त्या दिवशी लाल कापड समोर आयतंच होतं. अण्णांनी मोजून मध्यावर खडूची रेघ मारली, दोन बदकांच्या चोचींमधून, सूतभरही इकडेतिकडे नाही. मी कात्री उचलली. साटीन कापताना जो एक लांब, सुखाचा आवाज येतो तो आला. काप इतका सरळ गेला की अण्णा कारागिरांना म्हणाले, बघा, हात बघा पोरीचा. माझ्या आयुष्यात मला इतका अभिमान क्वचितच वाटला असेल.

दोन दिवसांत मी नराचा अभ्रा शिवून पुरा केला आणि तो घेऊन पळतच शेजारी गेले. मेईअक्कानं हात पुसले, अभ्रा घेतला, उलटा करून पाहिला. पुन्हा सुलटा केला. मग तिनं आत हात घातला आणि खिशात काही राहिलंय का बघावं तशी चाचपत राहिली. मला वाटलं, शिवण तपासतेय. ती दुसरं बदक शोधत होती.

"यांग किधर?" तिनं विचारलं.

मी सांगितलं, ती दुसऱ्या उशीवर. दोन उशा केल्या. बोटांनी कात्रीसारखं करूनही दाखवलं, हसत. तिनं अभ्रा माझ्या हातात परत दिला. रागावली असती तर बरं झालं असतं. ती हळू, एकेक शब्द निवडून बोलली. "इसका नाम येन-यांग. येन आदमी, यांग औरत. दो नै, एक नाम. अकेला येन, उसका कुछ नाम नै." त्यांच्याकडे हे पाखरू जोडीनंच काढतात, जोडीनंच भरतात, एकटं कुणी काढत नाही, नवरा-बायकोची उशी म्हणून ती एकच लांब शिवतात, हे सगळं मला नंतर कळत गेलं. त्या क्षणी एवढंच कळलं की तिनं महिनाभर बसून जे केलं ते मी दोन हातांनी, हळदकुंकू लावून, तोडलं होतं. ती आत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या दारात ऊन आलं, पण स्टूल आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

मी जेवेना. आईला वाटलं सासरच्या धास्तीनं. माझ्या मनात दोन भीती एकमेकींत गुंतल्या होत्या. एक तर अक्का लग्नाला येणार नाही. आणि दुसरी, जी मी कुणाला सांगितली नाही, ती अशी की जोडी कापून जिच्या लग्नाला सुरुवात झाली तिचं पुढे काय व्हायचं? शकुन-अपशकुन मानणारी मी नव्हते. पण एकोणिसाव्या वर्षी माणूस काय मानतं आणि कशाला भितं याचा काही मेळ नसतो. आज विचाराल तर पहिलीच भीती मोठी होती असं मी सांगेन. चार वर्षांचा तो उंबरा गेला तर बंगळूरात मला मन मोकळं करायला दुसरी जागा नव्हती.

शेवटी मी अण्णांना सगळं सांगितलं. ते कोट कापत होते. त्यांनी कात्री खाली ठेवली. "म्हणजे चक्रवाक नव्हे," ते म्हणाले. मग म्हणाले, "सुमे, चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय मी चिंधी कापलेली नाही. आणि ज्या बाईनं कापड दिलं तिला एका शब्दानं विचारलं नाही. कीर्तनाला विचारलं." गळ्यातला टेप तसाच ठेवून ते उठले आणि शेजारच्या दारात जाऊन उभे राहिले. मी मागे. अण्णांना मी कुणापुढे मान झुकवताना पाहिलं नव्हतं, माप घेताना सोडून. "तप्पु नम्दु, अम्मा," ते कानडीत म्हणाले. चूक आमची. मेईअक्का आतून आली. अण्णा घाईघाईनं सांगू लागले की मशीनवर एका तासात जोडून देतो, जोड दिसणारसुद्धा नाही.

"मशीन नै," ती म्हणाली. माझ्याकडे बोट केलं. "जिसने काटा, वो जोडेगा. हाथ से."

मग पाच दुपारी. स्टूल पुन्हा उन्हात आलं, आणि उंबऱ्यावर मी. मी शिवलेली अभ्र्याची बाजू उसवली आणि दोन्ही तुकडे एकमेकांना जोडायला घेतले. भरताना अक्कानं मधोमध शिवणीसाठी माया ठेवली नव्हती, कारण तिच्या मनात तिथे शिवण यायचीच नव्हती. त्यामुळे दोन्हीकडचं अर्धा-अर्धा इंच कापड आत गेलं, आणि टाका घट्ट बसल्यावर पाहते तर बदकं आधीपेक्षा जवळ आलेली. पूर्वी चोचींमध्ये चार बोटं अंतर होतं, आता जेमतेम तीन. मेईअक्कानं ते बोटांनी मोजलं आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली. जोडावर काहीतरी भरायला हवं होतं. अण्णा येता-जाता डोकावत होते, त्यांना राहवलं नाही. चक्रवाकांची नदी त्यांच्या डोक्यातून गेली नव्हती. "पाणी काढ की," म्हणाले. अक्कानं ठीक आहे अशी मान डोलावली. "सरी," म्हणाली, "पानी सरी. लेकिन एक पानी, दोनो उसके अंदर." दोन तीरांची नदी नको, दोघं पोहतात ते पाणी. मी लाटा भरत गेले, ती नुसती बघत राहिली. एक टाकाही तिनं घातला नाही. चुकला तर उसवायला लावी. माझ्या बोटांना अवरेकाईचा वास होता, आई वर सांबारासाठी दाणे सोलायला बसवायची, आणि तो वास रेशमाला लागेल म्हणून अक्का मला आधी लिंबानं हात धुवायला पाठवायची. पाचव्या दिवशी तिनं दोरा दातानं तोडला. कात्री मागितली नाही.

आता राहिली आई. एकच लांब उशी रुखवतात मांडायची म्हटल्यावर तिनं दोन दिवस अबोला धरला. "झाकून ठेवू या, मग देऊ," म्हणाली. अण्णा म्हणाले, मांडायची. लाडवांच्या परातीशेजारी, सगळ्यांत पुढे. कापली तेव्हा नारळ फोडून कापली, आता जोडली ती काय लपवून ठेवायची?

लग्नाच्या दिवशी मेईअक्का निळा रेशमी झगा घालून आली आणि रुखवताजवळ भिंतीशी अवघडून बसली. शू मास्टरही आला, आणि प्रत्येकाच्या पायांकडे बघत बसला. बेळगावच्या बायकांचा घोळका रुखवत बघत बघत उशीपाशी येऊन थांबला. माझ्या सासूबाई पुढे होत्या. उंच, खणखणीत आवाजाच्या. "हे काय? उशी एकच केलीत होय?" कुणीतरी फिसकन हसलं. आईनं मान खाली घातली. मेईअक्काला शब्द कळले नसतील, पण बोट कुठे रोखलंय ते कळलं. तिनं झग्याची कड मुठीत धरली. मी बोहल्यावरून सगळं बघत होते, आणि मला वाटलं, आता सगळं पुन्हा कापलं जाणार.

अण्णा पुढे आले. "होय विहीणबाई," ते म्हणाले. "पाखरं दोन दिसतात, पण नाव दोघांत मिळून एक आहे. या बाईंनी भरलंय. आम्ही शहाणपणा करून मधून कापून बघितलं. चुकलो. पुन्हा जोडलं. म्हणून उशी एकच."

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग भिंतीशी बसलेल्या मेईअक्काकडे. खाली वाकून त्यांनी उशीत मूठ दाबली, एकदा इकडे, एकदा तिकडे. "कापूस कमी भरलाय की हो," त्या म्हणाल्या. "दोन डोकी यायची हिच्यावर. उद्या दबेल ना!"

सगळ्या बायका खदखदून हसल्या. माझी आईसुद्धा, पदरात. मेईअक्कानं चकित होऊन इकडेतिकडे पाहिलं, आणि सगळे हसताहेत म्हणून तीही हसली. तिच्या मुठीतली झग्याची कड सुटलेली मी पाहिली. मला हुंदकाच आला. भटजींना वाटलं सासरी जायच्या दुःखानं.

त्या उशीवर आम्ही पुढे कित्येक वर्षं संसार केला. लाल अभ्रा थंडीतला महिनाभर, एरवी साधा पांढरा, पण उशी तीच. दर चार वर्षांनी कापूस पिंजायला दिली की पिंजारी विचारायचा, ही उशी की छोटी गादी? एका उशीचे तोटे अनेक. एकानं कूस बदलली की दुसऱ्याची झोप मोडते. भांडण झालं की उशी काखोटीला मारून बाहेरच्या खोलीत जाण्याची सोय नाही, कारण ओढली तर दुसऱ्याचं डोकं खाली आपटतं, आणि मग त्याची विचारपूस करावी लागते. हे म्हणायचे, "तुझ्या त्या चिनी अक्कानं आपल्यात कायमचा वकील नेमून ठेवलाय." पाठीला पाठ लावून आम्ही पुष्कळ झोपलो, पण एकाच उशीवर.

लग्नानंतर तीन-चार हिवाळे गेले आणि तिकडे सीमेवर चीनशी लढाई झाली. गल्लीत काल-परवापर्यंत शू मास्टरकडून उधारीवर बूट नेणारे लोक त्याच्या दुकानापुढून मान वळवून जाऊ लागले. नवरा-बायकोला पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. अण्णांनी काय केलं, तर आपली खुर्ची उचलून दोन दुकानांच्या मधल्या भिंतीशी टाकली आणि काज-बटणं करत तिथेच बसू लागले. पण दुकान चालेना, आणि शेवटी ती दोघं कलकत्त्याला जायला निघाली. मी निरोपाला गेले. खोकी बांधून झाली होती, स्टूल तेवढं बाहेर होतं. मेईअक्कानं माझे हात धरले. आपल्या दुकानाचं, प्रवासाचं, कशाचंच ती बोलली नाही. "येन-यांग ठीक?" एवढंच विचारलं.

"ठीक," मी म्हटलं. खरं तर त्या आठवड्यात आमच्यात अबोला होता, चौथा दिवस चालू होता. तिला खोटं सांगून आले याचं मला वाटेत इतकं वाईट वाटलं की घरी पोचल्याबरोबर मी यांना विचारलं, चहा घेणार का? निदान ते खोटं तरी राहू नये. कलकत्त्याहून तिची दोन पत्रं आली, कुणाकडून तरी लिहवून घेतलेली. मग कुठे दूरदेशी गेल्याचं कळलं, आणि पुढे काहीच कळलं नाही. अजून थंडीत उन्हाचा असा अरुंद पट्टा कुठे दिसला की त्यात स्टूल नाही हे आधी दिसतं.

काल रात्री ईशा मोबाईलमध्ये वाचून मला म्हणाली, "आजी, तुला वाईट वाटेल, पण हे पक्षी काही जन्मभर एकत्र राहत नाहीत म्हणे. बरेचदा दर वर्षी नवी जोडी."

"त्यांना कुणी उशी दिली नसेल," मी म्हटलं.

पण मी विचार करत राहिले. अण्णांच्या चक्रवाकाला तरी रात्री हाका मारत कुणी पाहिलंय? पाखरं आपली पाण्यावर पोहत असतात. शाप आणि वचनं माणसं आपापल्या गरजेनं त्यांच्या पाठीवर ठेवतात. आमच्याकडच्या लोकांना ताटातुटीची धास्ती, म्हणून आम्ही त्यांना रडवलं. मेईअक्काच्या लोकांनीही तीच धास्ती घेतली, आणि उशी लांब शिवली. मला दोन्ही खरं वाटतं. मी दोन्ही करून बसले आहे.

हे गेले त्याला आता सहा हिवाळे झाले. उशी आहे. आज दुपारी अवरेकाईचं सांबार-भात जेवून मी आडवी झाले. लाल अभ्रा कालच चढवलेला. ईशा पांघरूण घालायला आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आजी, एवढी मोठी उशी आणि तू अशी कडेला! पडशील एक दिवस. मधे सरक की."

"मधे शिवण आहे," मी म्हटलं. "टोचते."

ती वाकली आणि निळ्या लाटांवरून तिनं बोट फिरवलं, वरून खाली, मग पुन्हा खालून वर. साठ-पासष्ट वर्षांत ती शिवण इतकी मऊ झाली आहे की बोटाला लागतसुद्धा नाही. पलीकडच्या, रिकाम्या बाजूचा अभ्रा तिनं हातानं सारखा केला आणि पडदा ओढून घेतला.